त्या मीटरवर १.०९ दिसूच शकत नव्हतं

बारावीच्या प्रिलिमचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल. टेबलावर दोन बीकर. एकात निळंशार कॉपर सल्फेट आणि त्यात तांब्याची पट्टी, दुसऱ्यात पाण्यासारखं दिसणारं झिंक सल्फेट आणि त्यात जस्ताची पट्टी. दोन्हींच्या मध्ये सॉल्ट ब्रिज, म्हणजे आमच्याकडे मिठाच्या द्रावणात बुडवलेली फिल्टर पेपरची गुंडाळी. वायरी जोडल्या, व्होल्टमीटरचा काटा हलला आणि ०.९५ वर जाऊन थांबला.

पुस्तकात १.१० होतं. कनेक्शन घट्ट केली, पट्ट्या सँडपेपरने परत घासल्या, गुंडाळी बदलली. काटा काही पुढे जायला तयार नाही. शेवटी पानावरचं ०.९५ खोडलं आणि १.०९ लिहिलं. सरळ १.१० लिहिलं असतं तर संशय आला असता ना! एवढी अक्कल बारावीपर्यंत आपल्या सगळ्यांना आलेलीच असते.

तोच सेल, तोच मीटर माझ्या पार्टनरने वापरला आणि ती ०.९५ लिहून मोकळी झाली. मला दहापैकी नऊ मिळाले, तिला सहा. तिच्या पानावर लाल पेनाने लिहिलं होतं, ‘रीडिंग चूक’.

याला आता पाच वर्षं होतील. मी सायन्स सोडून मास कॉमला आले, सेल वगैरे विसरूनही गेले होते. पण गेल्या महिन्यात एका मुलाखतीच्या ऐन मध्यात माझा फोन बंद पडला. स्क्रीनवर १४ टक्के दिसत होते, कॅमेरा सुरू केला आणि फोन गेला! चार्जरला लावल्यावर परत १४ टक्के. हा काय प्रकार आहे म्हणून शोधायला बसले आणि फिरून फिरून त्याच दोन बीकरांपाशी येऊन पोहोचले. आज छातीठोकपणे सांगते, माझ्या पार्टनरचं रीडिंग बरोबर होतं. चूक माझं होतं, आणि तेही दोनदा. दुसऱ्या चुकीकडे नंतर येते.

आधी हे व्होल्टेज म्हणजे नेमकं काय ते बघू. घाबरू नका, सीईटीला विचारतात तसं काही विचारणार नाही.

हा सेल लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जॉन फ्रेडरिक डॅनियलने १८३६ मध्ये बनवला. त्यात जस्त विरघळतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं, ते वायरीतून तांब्याकडे जातात आणि तिथे द्रावणातले कॉपरचे आयन ते घेऊन तांबं होऊन पट्टीवर बसतात. ही क्रिया अशीच पुढे पुढे जाते आणि एका जागी थांबते. थांबते म्हणजे पुढे आणि मागे सारख्याच वेगाने होऊ लागते. हाच तो रासायनिक समतोल. व्होल्टेज सांगतं ते एवढंच, की ही क्रिया समतोलापासून अजून किती लांब आहे. लांब असेल तर व्होल्टेज जास्त. समतोल गाठला की व्होल्टेज शून्य. टीव्हीच्या रिमोटचा सेल ‘संपला’ असं आपण म्हणतो तेव्हा तो समतोलाच्या दिशेने बराच सरकलेला असतो.

आता मला सांगा, हे तुम्हाला कुणी असं सांगितलं होतं का? मला नाही. समतोल अकरावीत झाला आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री बारावीत. समतोल म्हणजे दोन दिशांचे बाण, इलेक्ट्रोकेमिस्ट्री म्हणजे नर्न्स्टचं समीकरण आणि त्यावरची गणितं. ही दोन्ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, हे पेपर देऊन रिकामी झाले तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

नर्न्स्टचं समीकरण (वॉल्थर नर्न्स्ट, १८८९) मी पाठ केलं होतं, पण त्यातली गंमत कधी बघितलीच नाही. दोन्ही द्रावणं एक मोलर असतील तर डॅनियल सेलचं व्होल्टेज १.१०. झिंक आयन कॉपर आयनांच्या दसपट झाले तर १.०७. हजारपट झाले तर १.०१. सुरुवातीचे ९९.९ टक्के कॉपर आयन संपून गेले तरी हिशेबाने व्होल्टेज साधारण १.०० उरतं! मग शून्य कधी होणार? झिंकचं प्रमाण कॉपरच्या सुमारे एकावर ३७ शून्यं इतके पट झालं की. इतकं, की बीकरमध्ये कॉपरचा एकसुद्धा आयन उरलेला नसेल. म्हणजे पुस्तकातलं ते साधंसुधं १.१० म्हणजे त्या ३७ शून्यांच्या संख्येचंच दुसरं रूप आहे. एवढी अफाट संख्या कुठल्याही बीकरमध्ये मोजता येणार नाही, पण एका मीटरने ती कळते. मला हे आत्ता, बाविसाव्या वर्षी कळलं आणि थोडा रागच आला.

अट एकच आहे. मोजताना सेलमधून करंट घ्यायचा नाही.

आणि इथेच आमच्या लॅबचा तो काटेवाला व्होल्टमीटर येतो. त्याचा काटा हलतो तोच मुळी सेलकडून करंट घेऊन. समजा मीटरचा रोध तीन हजार ओहम आहे आणि फिल्टर पेपरच्या गुंडाळीमुळे सेलच्या आतला रोध पाचशे ओहम. मग १.१० पैकी सातवा हिस्सा सेलच्या आतच खर्ची पडतो आणि मीटरच्या वाट्याला ०.९४ येतात. काट्यावर वाचाल तर ०.९५. बरोबर तेवढेच. कनेक्शन सैल नव्हती, पट्ट्या घाण नव्हत्या. ‘मी एवढा करंट देत असताना माझ्याकडे एवढं व्होल्टेज उरतं,’ असं सेल खरं तेच सांगत होता. ते त्याचं ईएमएफ नव्हतं, हे मान्य. पण ते रीडिंग होतं. फोनचंही हेच. जुन्या बॅटरीच्या आतला रोध वाढलेला असतो. कॅमेऱ्याने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन घाबरून बंद होतो. स्क्रीनवरचे टक्के तर कुणी थेट मोजलेलेच नसतात, तो फोनने केलेला अंदाज असतो.

करंट न घेता मोजायची युक्तीही जुनीच आहे. योहान पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये ती दाखवली. सेलच्या समोर दुसरं, आपल्याला हवं तेवढं कमीजास्त करता येणारं व्होल्टेज उलटं लावायचं. दोन्हींचा जोर सारखा झाला की कुणीच कुणाला ढकलत नाही, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो. त्या क्षणी सेलकडून काहीही घेतलं जात नाही, आणि तेव्हाचं व्होल्टेज तेच खरं ईएमएफ. ओळखीचं वाटतंय? फिजिक्सच्या लॅबमध्ये लाकडी पट्टीवर ताणलेल्या लांबलचक तारेवरून आपण जॉकी सरकवत नल पॉइंट शोधायचो, तो पोटेन्शिओमीटर म्हणजे हेच. आमच्या कॉलेजात तो केमिस्ट्री लॅबच्या समोरच्या खोलीत होता. मध्ये फक्त एक व्हरांडा. त्या व्हरांड्यातून आपला सेल उचलून पलीकडे नेऊन बघावा, असं पूर्ण वर्षात ना मला सुचलं, ना कुणाला सुचवावंसं वाटलं.

मोजमापाच्या इतिहासात तर असाही एक सेल होऊन गेला ज्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही, हेच त्याचं काम होतं. एडवर्ड वेस्टनने १८९३ मध्ये बनवलेला कॅडमियम-पाऱ्याचा सेल. तो १९११ मध्ये व्होल्टेजचं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. २० अंश सेल्सिअसला १.०१८३ व्होल्ट. त्याने कधी दिवा लावला नाही की घंटी वाजवली नाही. दुसऱ्यांची व्होल्टेज त्याच्याशी ताडून बघायची आणि त्याला परत नीट ठेवून द्यायचं.

एक अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही दहावीपर्यंत मराठी मीडियमवाले. विद्युत अपघटनात शिकलो की अॅनोड म्हणजे धनाग्र. बारावीत हा सेल समोर आला आणि म्हणे झिंक हा अॅनोड, पण तो ऋण! मी दोन आठवडे हेच चुकीचं छापलंय समजत होते. खरं तर जिथे ऑक्सिडेशन होतं तो अॅनोड, मग तो धन असो की ऋण. बाहेरून वीज देतो तेव्हा तो धन असतो, सेल स्वतः वीज देतो तेव्हा ऋण. एका वाक्याचं काम होतं. पण वर्गात हात वर करून ‘सर, धनाग्र ऋण कसा?’ असं मराठीत विचारायची माझी तरी हिंमत झाली नाही. तेव्हाही मी गप्प बसून पुस्तकातलं उत्तर लिहिलं होतं.

आता माझी दुसरी चूक. आमच्या त्या मीटरवर ० ते ३ व्होल्टची पट्टी होती आणि प्रत्येक बारीक रेघ ०.०५ ची. म्हणजे त्यावर ०.९५ वाचता येतं, १.०० येतं, १.०५ येतं, १.१० येतं. १.०९ वाचताच येत नाही! मी नैसर्गिक दिसावं म्हणून जे रीडिंग रचलं, ते त्या यंत्राला दाखवणंच शक्य नव्हतं. नुसती मीटरकडे एक नजर टाकली असती तरी चोरी पकडली गेली असती. पण कुणीच मीटरकडे बघत नव्हतं. मी पुस्तकाकडे बघत होते, सर माझ्या आकड्याकडे बघत होते, आणि आकडा पुस्तकाशी जुळला म्हणून दहापैकी नऊ.

रीडिंग बसवणं हा आपल्याकडे इतका सर्रास प्रकार आहे की त्याला कुणी चोरी म्हणत नाही. सिनियरचं जर्नल मिळवायचं, उत्तरावरून उलटा हिशेब करून रीडिंग काढायची, ग्राफवर आधी रेघ मारायची आणि मग तिच्या आजूबाजूला टिंबं टाकायची. हे वाचताना हसू आलं असेल तर तुम्हीही ते केलंय. ‘त्यात काय एवढं, कुठे नासात जायचंय?’ हा त्यावरचा ठरलेला डायलॉग.

नासात नाही जायचं, ठीक आहे. माझी ती पार्टनर डीएमएलटी करून एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मागच्या आठवड्यात तिला फोन केला आणि या लेखाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, मी रोज तेच करते, व्होल्टेजच मोजते.’ रक्तातलं सोडियम, पोटॅशियम तपासायच्या मशीनमध्ये त्या त्या आयनला ओळखणारे इलेक्ट्रोड असतात. त्यांचं व्होल्टेज मोजायचं आणि नर्न्स्टच्या हिशेबाने आयनचं प्रमाण काढायचं. रिपोर्टवर पोटॅशियमची नॉर्मल रेंज साधारण ३.५ ते ५.० असते. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. या दोन टोकांमधला फरक व्होल्टेजमध्ये मोजला तर जेमतेम नऊ मिलिव्होल्ट निघतो. पोटॅशियम बिघडलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि नॉर्मल आहे की नाही हे या नऊ मिलिव्होल्टमध्ये ठरतं. मी बारावीत एका खोडारबरने १४० मिलिव्होल्ट फिरवले होते.

तिला विचारलं, रीडिंग वेगळं आलं तर काय करता? ती म्हणाली, रोज सकाळी आधी कंट्रोल लावतात, म्हणजे ज्याचं उत्तर माहीत आहे असं सँपल. ते बसलं नाही तर पेशंटचं सँपल मशीनला लावायचंच नाही. आधी कारण शोधायचं. ‘आकडा नाही गं बदलायचा, मशीनला काय झालंय ते बघायचं.’ सहा मार्कवाली बोलत होती, नऊ मार्कवाली ऐकत होती.

आमच्या घरी बाबांची मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात मातीचा सामू लिहिलेला असतो. सामू म्हणजे पीएच, तोही व्होल्टेजवरूनच मोजतात. २५ अंशांला पीएचमधला एकाचा फरक म्हणजे ५९ मिलिव्होल्ट. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध इतका प्रचंड असतो की साध्या मीटरला तो दादच देत नाही. म्हणून अर्नोल्ड बेकमनने १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय फळांच्या उद्योगासाठी व्हॅक्यूम ट्यूब वापरून असं यंत्र बनवलं, जे जवळजवळ काहीही करंट न घेता मोजतं. जमिनीला काय द्यायचं हे त्या आकड्यावरून ठरवायचं असतं. तो मोजणारा मुलगा किंवा मुलगी आपल्यासारख्याच एखाद्या लॅबमधून, आपल्यासारखंच जर्नल पूर्ण करून बाहेर पडलेली असणार ना? मी कुणावर आरोप करत नाहीये. मी फक्त म्हणतेय की सवय बारावीतच लागते.

सरांची बाजू मला दिसत नाही असं नाही. एका बॅचला वीस-बावीस मुलं, चालू स्थितीतले मीटर चार, पोटेन्शिओमीटरच्या तारा गंजलेल्या. बोर्डाचं प्रॅक्टिकल तीस मार्कांचं आणि सीईटीत प्रॅक्टिकलला काडीची किंमत नाही, त्यामुळे अर्धा वर्ग क्लासला पळालेला. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला एका दुपारी सगळ्यांना उरकायचं असतं. अशा वेळी पुस्तकाशी जुळणारा आकडा तपासणं सगळ्यात सोपं. पण मग मार्क आकड्याला कशाला देता? काट्याने जे दाखवलं ते लिहिण्याला द्या, आणि ते पुस्तकापेक्षा वेगळं का आलं असावं याच्या दोन ओळींना द्या. याला नवीन यंत्र लागत नाही, बजेट लागत नाही. आणि १.०९ लिहिणाऱ्याला विचारा, ‘हे कुठल्या रेघेवर वाचलंस?’ मला हा एक प्रश्न विचारला गेला असता तर मी त्याच दिवशी सुधारले असते. निदान घाबरले तरी असते!

कुणी म्हणेल, ०.९५ ला पूर्ण मार्क दिले तर मुलं काहीही लिहितील. नाही लिहिणार. ०.९५ हेच ईएमएफ धरून समतोलाचा स्थिरांक काढला तर तो खऱ्यापेक्षा लाखाहून जास्त पटीने चुकतो. हे मुलांना काढून बघू दे. आपल्या प्रामाणिक रीडिंगमधूनच जेव्हा एवढी चूक समोर येते ना, तेव्हा मोजायचं कसं हा प्रश्न आपोआप पडतो. मी १.०९ लिहिलं, त्यामुळे मला तो पाच वर्षं पडलाच नाही.

तो बंद पडलेला फोन आठवतोय? मुलाखतीतलं शेवटचं उत्तर अर्धंच रेकॉर्ड झालं होतं. ऑफिसला येऊन मी ते आठवून, छान वळण देऊन पूर्ण केलं. आमच्या सीनियर ताईंनी कॉपी वाचली आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. ‘हे रेकॉर्डिंगमध्ये आहे?’ नव्हतं. त्या काकांना परत फोन लावला. ते जे म्हणाले ते माझ्या वाक्याइतकं चटपटीत नव्हतं, आणि अर्थही थोडा वेगळाच होता. तेच छापलं.

मागच्या रविवारी घरी गेले होते. द्राक्षाच्या बोर्डोसाठी आणलेलं मोरचूद घरात असतंच, म्हणजे कॉपर सल्फेट. झिंक सल्फेट कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळतं. जस्ताची पट्टी रिमोटच्या जुन्या साध्या सेलचं वरचं कवच कापून काढली, तांबं वायरमधून. दोन रिकाम्या बरण्या घेतल्या (मोरचूद विषारी असतं, स्वयंपाकाची भांडी वापरू नका), आणि सॉल्ट ब्रिजला मिठाच्या पाण्यात भिजवलेली सुती चिंधी. डिजिटल मल्टिमीटर लावला. हा जवळजवळ करंटच घेत नाही. १.०७ आले. मग जुन्या व्होल्टमीटरची नक्कल म्हणून ३.३ किलोओहमचा एक रेझिस्टर सेलला आडवा जोडला.

०.९३.

फोटो काढला आणि पार्टनरला पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘आता तरी जसं आहे तसं लिही.’